आजोबांचं वेब्ली .३२ रिव्हॉल्व्हर : साफ करायला किती उघडायचं आणि परत कसं जोडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांचं वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं .३२ बोअरचं, मधोमध मोडून उघडणारं रिव्हॉल्व्हर वारसाने तुमच्या परवान्यावर आलं आहे. रत्नागिरीच्या घरी ते बरीच वर्षं चामड्याच्या होल्स्टरमध्ये, कपाटात पडून होतं. चाप जड येतो, घोडा (मागचा, काडतुसावर आघात करणारा हातोडा) अडकत-अडकत मागे जातो, सिलिंडरवर आणि नळीवर तांबूस डाग आहेत. सगळं सुटं करून साफ करायचा तुमचा विचार आहे. सुरुवात कुठून करावी, जोडताना काय सांभाळावं आणि नंतर ते चालवण्याजोगं असेल का, हे तुम्ही विचारलंय.

आधी मुद्द्याचं सांगतो : सगळं सुटं करू नका. शस्त्रदुरुस्तीच्या टेबलावर आयुष्य गेलं, त्यावरून सांगतो की जुनी रिव्हॉल्व्हरं गंजाने जितकी खराब होतात, त्याहून जास्त घरच्या स्क्रू ड्रायव्हरने होतात. जड चाप आणि चिकट घोडा ही बहुतेक वेळा वाळून घट्ट झालेल्या तेलाची लक्षणं असतात, झिजेची नव्हेत. असं तेल काढायला मुठीच्या पट्ट्या आणि सिलिंडर एवढंच उतरवलं तरी पुरतं. आतली कळ, म्हणजे घोडा, चाप, पंजा (सिलिंडर फिरवणारी पट्टी) आणि मुख्य स्प्रिंग, तेवढ्याने भागलं नाही तरच खोलायची. ती कशी खोलायची तेही पुढे सांगतो, कारण अर्धवट माहितीवर हात घालण्यापेक्षा पूर्ण माहिती असून हात आवरणं चांगलं.

कायद्याचं दोन ओळींत. शस्त्र परवान्यावर आहे म्हणजे ते तुमच्याच ताब्यात राहिलं पाहिजे. गावातला लेथवाला कितीही कुशल असला, तरी सांगाडा (फ्रेम) किंवा सिलिंडर त्याच्या दुकानात ठेवून यायचं नाही. दुरुस्तीची वेळ आली तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडेच जायचं. दुसरं, सांगाड्यावरचा क्रमांक किंवा कोणतीही ओळखखूण पुसणं, घासणं हा शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे गुन्हा आहे. गंज काढायच्या नादात सँडपेपरने क्रमांक पुसट झाला, तर हेतू चांगला होता हे पटवून देणं फार कठीण जातं. आणखी एक. नळीवरचं बोअर स्वतः वाचा. वेब्लीचं हेच मार्क ४ मॉडेल .३८ मध्येही निघालं आणि दोन्ही दिसायला सख्खी भावंडं. .३८ आणि .४५५ ची लष्करी काडतुसं घेणारी रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या शस्त्रांत, मोडतात, .३२ मोडत नाही. परवान्यावरची नोंद आणि नळीवरचा आकडा जुळतोय ना, ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

आता या यंत्राविषयी थोडं, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. वेब्ली अँड स्कॉट ही बर्मिंगहॅमची कंपनी १८९७ मध्ये विलीनीकरणातून उभी राहिली. वेब्लीचं मोडून उघडणारं रिव्हॉल्व्हर त्याआधीच, १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलं होतं. १९१५ चं .४५५ मार्क ६ सगळ्यांत प्रसिद्ध. तुमचं .३२ हे त्याच घराण्यातलं, पण नागरिकांसाठी केलेलं धाकटं मॉडेल. त्याची मूळ धाटणी भारतात इतकी रुजली की कानपूरच्या आयुध कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर त्याच बांधणीवर बेतलेलं आहे. मात्र जुनी वेब्ली हाताने घासून, एकेक भाग दुसऱ्यात बसवून जुळवलेली असते. तिचा स्क्रू तिच्याच भोकासाठी असतो. डोक्याची खाच अरुंद, आटे खास मापाचे, हार्डवेअरच्या दुकानात त्याला पर्याय नाही. एकदा खाच चिरली की तो स्क्रू काढायला ड्रिल लागतं आणि नवा करून घ्यायला कारागीर शोधावा लागतो. म्हणून हत्याराआधी स्क्रू ड्रायव्हरचं बोलू.

बाजारातला साधा स्क्रू ड्रायव्हर टोकाकडे पाचरीसारखा निमुळता होत जातो. तो खाचेच्या फक्त वरच्या कडेला धरतो, जोर दिला की वर उसळतो आणि कड उचकटून टाकतो. बंदुकीच्या स्क्रूसाठी पात्याच्या दोन्ही बाजू समांतर लागतात. टोक खाचेच्या तळाला टेकलं पाहिजे, रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी हवी आणि जाडी अशी हवी की पातं खाचेत जराही हलू नये. असे बिट मिळतात. न मिळाल्यास चांगल्या पोलादाचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बारीक दगडावर प्रत्येक खाचेप्रमाणे पातं घासून घ्या. घासताना पाण्यात बुडवत राहा, पोलाद निळं पडलं की मऊ झालं म्हणून समजा. या तयारीत एक अख्खी संध्याकाळ गेली तरी ती सत्कारणी लागली.

बाकी सामान साधं आहे : रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन, शिवणयंत्राचं तेल, .३२ च्या मापाचा ब्राँझचा ब्रश, पितळी किंवा लाकडी दांडी, सुती चिंध्या, दातांचे जुने ब्रश, ०००० नंबरची स्टील वूल, पातळ हातमोजे आणि चष्मा. चष्मा का, ते मुख्य स्प्रिंगपाशी कळेल. टेबलावर पांढरी चादर अंथरा आणि तिच्या कडा आतल्या बाजूला दुमडा, म्हणजे निसटलेला स्क्रू चादरीतच राहतो. स्वयंपाकघर टाळा. नळीतून निघणाऱ्या काळ्या मळीत शिसं असतं.

रिकामं करणं. काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, मग रिव्हॉल्व्हर हातात घ्या. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर. डाव्या बाजूचा अंगठ्याचा खटका दाबून नळी खाली मोडली की मधला तारा, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, वर उठतो, सहाही काडतुसं उचलतो आणि पूर्ण उघडल्यावर टपकन परत बसतो. इथे या बांधणीची एक खोड आहे. हळूहळू, अर्धवट उघडलं तर एखाद्या काडतुसाची कडा ताऱ्याखाली सरकते, तारा तिच्यावर बसतो आणि काडतूस आतच राहतं. म्हणून रिव्हॉल्व्हर आडवं करून, भोकांची तोंडं खाली येतील असं धरून एका दमात उघडायचं. मग सहाही चेंबरमध्ये करंगळीचं टोक घालून पाहा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या शस्त्रात मळकट, काळं पडलेलं काडतूस अंधाऱ्या चेंबरमध्ये डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतं. शेवटी नळीतून उजेड पाहा. नळीत अडकलेली गोळी ही जुन्या, दमलेल्या काडतुसांची ठरलेली देणगी असते.

पहिला टप्पा : मुठीच्या पट्ट्या आणि सिलिंडर. मुठीला आरपार एकच स्क्रू असतो. तो पूर्ण काढू नका. तीन-चार फेरे सैल करा आणि त्याच्या डोक्यावर लाकडी दांड्याने हलकेच टकटक करा, समोरची पट्टी आपसूक सुटते. कडेला पातं घालून उचकटलं की पट्टीचा कोपरा गेलाच. वेब्लीच्या जुन्या काळ्या पट्ट्या बहुधा व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या असतात. त्या वयाने ठिसूळ होतात आणि गरम पाण्याने किंवा उन्हाने तपकिरी-हिरव्या पडतात. एकदा गेलेला काळा रंग परत येत नाही. त्यांना फक्त ओलसर फडकं, मग कोरडं फडकं.

सिलिंडर काढायचा मार्ग नळीच्या बिजागरीजवळ, डाव्या बाजूला आहे. तिथे रुंद खाचेचा एक स्क्रू दिसेल, तो सिलिंडर अडवणारी कॅमची पट्टी धरून ठेवतो. स्क्रू सैल केला की पट्टी सरकते, आणि रिव्हॉल्व्हर उघडं धरून सिलिंडर आसावरून ओढून घेता येतं. बिजागरीचा मुख्य पिन हा वेगळा, तो कधीच काढायचा नाही. नळी आणि सांगाडा यांचा सांधा कारखान्यात एकदाच घट्ट जुळवलेला असतो आणि त्या पिनशी खेळल्यावर आलेली ढिलाई घरी दुरुस्त होत नाही. सिलिंडर निघत नसेल तर जोर लावू नका. बहुतेक वेळा आसावर वाळलेलं तेल असतं. रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी हाताने गोल फिरवत ओढा. सिलिंडरमधला एक्स्ट्रॅक्टर सुटा करायची गरज नाही. तारा वर उचलून त्याच्या खालची जागा ब्रशने साफ केली की पुरे. ही जागा मात्र विसरू नका. ताऱ्याखाली बारुदाचा एक न जळलेला कण जरी राहिला, तरी काडतुसं नीट बसत नाहीत आणि सिलिंडर फिरताना मागे घासतं.

आता खरं काम. लाकडी किंवा व्हल्कनाइटचं काहीही अंगावर नसलेला सांगाडा ट्रेमध्ये रॉकेलात बुडवून रात्रभर ठेवा. खोली हवेशीर हवी, जवळपास देवघराची समईसुद्धा नको. दुसऱ्या दिवशी, रॉकेलातच, घोडा अंगठ्याने सावकाश मागे घ्या आणि अंगठ्यानेच धरून चाप दाबत सावकाश पुढे सोडा. तो आपटू द्यायचा नाही. पंधरा-वीस वेळा असं केलं की चापाजवळच्या फटीतून तपकिरी ढग बाहेर येऊ लागतात. तेच ते जुनं तेल. रॉकेल बदला, परत करा. पाणी निथळावं तसं स्वच्छ रॉकेल येऊ लागलं की बाहेर काढा, मुठीच्या मागच्या मोकळ्या बाजूने हवेचा फवारा मारा आणि उन्हात नव्हे, पंख्याखाली वाळवा. मग घोड्याच्या आणि चापाच्या खिळीच्या दोन्ही टोकांना सुईच्या अग्राने एकेक थेंब तेल.

इतकं झाल्यावर चाप पुन्हा पाहा. तो सारखा, न अडखळता येतो का? सोडल्यावर स्वतःहून पूर्ण पुढे जातो का? घोडा शेवटी किंचित मागे सरकून विसावतो का? या तिन्हींची उत्तरं हो असतील तर आतली कळ खोलायचं कारण उरलेलं नाही. आत थोडा गंज असेल, ही शंका पुरेसं कारण नव्हे. खोलायचं ते तीन प्रसंगी : फवारा मारल्यावरही लाल पावडर येत राहते, चाप परत फिरत नाही, किंवा घोडा धरल्या जागी थांबत नाही. यातल्या शेवटच्या दोन्ही तक्रारी सफाईच्या नसून दुरुस्तीच्या आहेत, तेव्हा त्या परवानाधारक कारागिराच्या. तुमच्या वाट्याला येऊ शकतो तो फक्त पहिला प्रसंग.

दुसरा टप्पा, लागलाच तर. मुठीच्या पोकळीत व्ही आकाराची, दोन पात्यांची चपटी मुख्य स्प्रिंग दिसते. वेब्लीची बुद्धी इथे आहे. एक पातं घोड्यामागच्या लहान कडीत अडकून घोड्याला ताकद देतं, दुसरं पातं एका तरफेवर दाबतं. तीच तरफ चाप पुढे ढकलते आणि बार झाल्यावर घोड्याला मागे उचलून धरते. एका स्प्रिंगवर दोन कामं. म्हणून ती सुटली की कळ एकदम मोकळी होते आणि ती नीट बसली नाही तर दोन्ही कामं एकदम बिघडतात. या स्प्रिंगचा जीव तिच्या वाकणात असतो. तिथे गंजाचा खड्डा किंवा आडवा ओरखडा असेल तर तडा तिथूनच जातो. म्हणून तिला कधीही आडवं घासायचं नाही, सँडपेपर लावायचा नाही, आणि ती कामात जितकी दबते त्याहून जास्त दाबायची नाही.

काढायची रीत अशी. घोडा मागे घेऊन थांबवला की स्प्रिंग आपोआप दबते. त्या दबलेल्या अवस्थेत दोन्ही पात्यांवर छोटा क्लॅम्प चढवा. क्लॅम्पच्या जबड्यांना चामड्याचे तुकडे लावा. मग अंगठ्याने धरून घोडा सावकाश सोडा. स्प्रिंग क्लॅम्पमध्ये दबलेलीच राहते आणि कडीतून अलगद सुटते. पक्कडीने पकडून उपसायचा मोह टाळा, चष्मा सांगितला तो याचसाठी. सुटलेली व्ही स्प्रिंग कुठे जाईल ते सांगता येत नाही.

स्प्रिंग गेल्यावर बाकीचं शांतपणे होतं. चापाच्या कड्याचे दोन स्क्रू. मग घोड्याची खिळ आणि घोडा वरून. मग चापाची खिळ, आणि चाप त्याच्या पंजासह खालून. पंजा म्हणजे सिलिंडरच्या मागच्या दातांना ढकलून ते फिरवणारी बारीक पट्टी. निघताना ती कोणत्या बाजूला तोंड करून होती त्याचा फोटो घ्या. खरं तर प्रत्येक पायरीला दोन फोटो, एक वरून, एक बाजूने. पुठ्ठ्यावर रिव्हॉल्व्हरची बाह्यरेषा काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवा. कड्याचे दोन स्क्रू दिसायला जुळे असले तरी लांबीत किंवा आट्यांच्या झिजेत फरक असतो. अदलाबदल झाली तर लांब स्क्रूचं टोक आत चापाला घासतं आणि तुम्ही दोष स्प्रिंगमध्ये शोधत बसता.

अडलेल्या स्क्रूविषयी. जोर लावण्याआधी खाचेतला जुना मळ सुईने काढा, नाहीतर पातं तळाला टेकत नाही. भेदक तेल किंवा रॉकेल सोडून एक दिवस थांबा. मग आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने दाब द्या. गंजाचा बंध तुटला की नंतर तो उलटा फिरतो. तेवढ्याने नाही ऐकलं तर सोल्डरिंग आयर्न फक्त स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा, गार होऊ द्या, परत तेल. गॅसची ज्योत कधीही नाही. सांगाड्याची निळाई (पोलादावरचा निळसर-काळा थर) जाते आणि पोलादाचं पाणी उतरायचा धोका असतो.

एखाद्या वाचकाकडे स्मिथ अँड वेसन किंवा कोल्टचं, बाजूला सिलिंडर उघडणारं रिव्हॉल्व्हर असेल तर त्याची कळ वेगळ्या वाटेने दिसते : सांगाड्याच्या बाजूला पातळ झाकण असतं. त्याचे स्क्रू काढल्यावर फटीत पातं घालून झाकण उचलायचं नाही, कड कायमची वाकते. सांगाडा हातात सैल धरून मुठीच्या लोखंडी भागावर लाकडी दांड्याने टकटक करत राहायचं. कंपनांनी झाकण स्वतः वर येतं. खाली दुसरा हात ठेवा, कारण झाकणाबरोबर आतला बारीक भागही पडू शकतो.

गंज. तुमच्या डागांपैकी बरेचसे वरवरचे असतील. एक गोष्ट लक्षात ठेवा : बंदुकीची निळाई हाही लोखंडाचा ऑक्साइडच आहे, फक्त काळा, घट्ट चिकटलेला. त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, कोला, बाथरूमचं ॲसिड यांपैकी जे काही लाल गंज खातं ते निळाईही खातं. रत्नागिरीच्या माणसाला चिंच किंवा कोकम सुचेल, तेही नकोच. आधी तेलात भिजवलेल्या ०००० स्टील वूलने, बोटाच्या वजनाने, गोल न फिरवता एकाच दिशेने घासा. लाल जातो, निळाई राहते.

त्याने जात नसेल तर जुन्या बंदूककारांची एक फार सुंदर युक्ती आहे. तेल पूर्ण काढलेलं सिलिंडर किंवा सुटा पोलादी भाग स्वच्छ पाण्यात वीस मिनिटं उकळायचा. पाणी डिस्टिल्ड घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं चालतं. उकळीत लाल गंजाचं रूपांतर काळ्या मॅग्नेटाइटमध्ये होतं. भाग बाहेर काढल्यावर तो गरम असताना स्वतःच वाळतो, वरची काजळी मऊ स्टील वूलने पुसून काढली की खाली काळसर, टिकाऊ थर राहतो. विटकरी डाग डोळ्यांदेखत काळे पडताना पाहणं हा या कामातला माझा सर्वांत आवडता क्षण आहे. लगेच गरम भागावर तेल लावा. शंभर अंश तापमानाने पोलादाच्या कठीणपणाला काहीही होत नाही. खोल खड्डे मात्र खड्डेच राहणार, ते भरायचा किंवा घासून सपाट करायचा विचार सोडा. बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे मुकुटाखाली अक्षरं असलेले बारीक छाप नळीवर, सांगाड्यावर आणि सिलिंडरवर असतात. ते त्या शस्त्राच्या चाचणीचे पुरावे आहेत, त्यांच्या आसपास पॉलिश फिरवू नका.

नळीचं वेगळं गणित आहे. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक प्रकारचं मीठच, आणि कोकणातल्या हवेत ते दिवसरात्र पाणी ओढत राहतं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. आजोबांच्या काळातली काडतुसं यातून झाडली गेली असतील तर नळी आणि चेंबर आधी गरम पाण्याने धुवा, मग रॉकेल, मग ब्रश, मग चिंधी. ब्रश शक्यतो मागून पुढे न्या, म्हणजे नळीच्या तोंडाची कड झिजत नाही. वेब्ली मोडून उघडत असल्याने मागून हात सहज पोचतो. चेंबरच्या पुढच्या भागात आणि नळीच्या मागच्या तोंडाशी शिशाचा करडा थर बसतो. चिंधीऐवजी ब्राँझच्या ब्रशाला तांब्याच्या जाळीचा तुकडा गुंडाळा आणि चिकाटीने घासा.

जोडणी. उलट क्रमाने, हे सगळेच सांगतात, पण जोडताना एक पायरी जास्त आहे. मुख्य स्प्रिंग बसवण्याआधी चाप, पंजा, तरफ आणि घोडा जागेवर घालून, खिळी लावून, सगळं बोटाने हलवून पाहा. स्प्रिंगशिवाय प्रत्येक भाग आपल्या वजनाने खाली पडला पाहिजे. काही अडत असेल तर ते आत्ताच कळतं. स्प्रिंग बसल्यावर तिच्या ताकदीत ते झाकलं जातं. तरफेचं टोक चापाकडच्या आपल्या जागेत बसलंय ना, ते पाहा, ते चुकलं तर चाप परत येत नाही. मग क्लॅम्पमधली स्प्रिंग, कडी अडकवणं, घोडा मागे घेऊन क्लॅम्प काढणं. स्क्रू घट्ट करताना आधी उलटे फिरवा, आटा बसल्याचा बारीक टक लागला की सुलटे. मूळ खाच जिथे थांबत होती तिथेच आली पाहिजे. मुठीचा स्क्रू शेवटी आणि हलक्या हाताने, व्हल्कनाइटला तेवढंच सोसतं.

तपासणी, रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर. सिलिंडरला बोटाने किंचित अडवत घोडा सावकाश मागे घ्या. घोडा टप्प्यावर थांबण्याआधी सिलिंडर कुलूप झालं पाहिजे, आणि हे सहाही चेंबरवर, एकेक करून. एखाद्याच चेंबरवर ते मागे राहत असेल तर सिलिंडरचा दात झिजलेला आहे. घोडा ताणलेला असताना मागून अंगठ्याने दाबून पाहा, तो सुटता कामा नये. नळी धरून वर-खाली आणि डावी-उजवी हलवा. बिजागरी किंवा वरचा खटका ढिला असेल तर खडखड जाणवते. चाप सोडल्यावर घोड्याचं टोक मागे सरकलं पाहिजे. ते भोकातून बाहेर डोकावत राहिलं तर हे रिव्हॉल्व्हर भरायचं नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने मोजली तर साधारण चार ते आठ हजारांश इंच असणं चांगलं. कोरडा चाप ओढून बघायचा असेल तर डमी काडतुसं घाला, जुन्या घोड्याचं टोक वारंवार रिकाम्या आघाताने तुटतं.

तेल किती आणि कोणतं. शिवणयंत्राचं तेल उत्तम, पण थेंबाने. खोबरेल नको, हे कोकणातल्या प्रत्येक घराला सांगावं लागतं. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं, हिवाळ्याच्या सकाळी घोडा जाम होतो तो त्यामुळेच. मोहरीचं तेल त्याहून वाईट. डब्ल्यूडी-४० ओलावा घालवायला चांगलं आहे, ते पुसून मग तेल लावा. तेच वंगण म्हणून वर्षानुवर्षं मारत राहिलात तर त्याचाही थर बसतो.

ठेवायची जागा होल्स्टर नव्हे. चामड्यात कमावण्याची रसायनं आणि दमट हवा दोन्ही मुरलेली असतात, त्यामुळे जिथे चामडं लागतं तिथेच डाग पडतात. तुमच्या सिलिंडरवरचे डाग नीट पाहा, होल्स्टरच्या शिवणीची रेघ उमटलेली दिसेल. हलकं तेल लावून गंजरोधक कागदात किंवा स्वच्छ सुती कापडात गुंडाळा, कुलपाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात महिन्याला एकदा काढून पुसा. बोटांचा घाम शेवटी पुसायचा. जुलैमध्ये एका रात्रीत अंगठ्याचा ठसा लाल उमटतो.

चालवण्याविषयी. साफ झालेलं आणि सुरक्षित असलेलं या दोन गोष्टी वेगळ्या. वरच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या तरी पहिल्या बारापूर्वी परवानाधारक बंदूककाराकडून नळी, कुलूप आणि घोड्याची पकड तपासून घ्या, आणि तो सांगेल तसं रेंजवर, देखरेखीखाली चालवा. आजोबांची उरलेली काडतुसं वापरू नका. जुनी काडतुसं उशिराने फुटतात किंवा गोळी नळीत सोडून देतात. चाप ओढून आवाज नुसता फुस्स आला तर दुसरी गोळी कधीही नाही, नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं, मग उघडून नळीतून उजेड बघायचा. या रिव्हॉल्व्हरसाठी .३२ एस अँड डब्ल्यू लाँगच घ्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं बुडावरच्या केएफ छापावरून ओळखू येतात. पिस्तुलाचं .३२ एसीपी काही चेंबरमध्ये बसतं, पण त्याचा दाब जास्त असतो. ते या वयाच्या वेब्लीत घालायचं नाही, आणि दुकानदार “चालतं हो” म्हणाला तरी खोक्यावरचं नाव वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.